एवढ्याशा कामावरून एवढं?

मा. संपादक,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हल्ली लोकांना धीर म्हणून राहिलेला नाही, काउंटरवर जरा काही बिनसलं की जग बुडाल्यासारखं करतात. पत्र पटलं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं का पटलं नाही ते सांगायला हे लिहितेय, आणि आधीच सांगते की लांबलंय. तुम्ही कात्री लावालच, पण मधला माकडिणीचा भाग तेवढा राहू द्या.

त्या गृहस्थांनी ज्या लोकांबद्दल लिहिलंय त्यातलीच मी एक. आवाज नाही चढवला, बाकी सगळं केलं. आणि यात गंमत अशी की माझी 26 वर्षं नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूला गेली, म्हणजे लोक चिडतात ते मी रोज समोरून बघितलंय, आणि निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा बाहेरच्या बाजूने अनुभवलं.

काम काय होतं, तर खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलायचा. बास. जुना बंद झाला, नवीन टाकायचा, एक पानाचा फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स, खाली सही. फॉर्म मी घरूनच भरून नेला होता, खाडाखोड नको म्हणून आधी पेन्सिलने आणि मग पेनाने, झेरॉक्स दोन काढल्या (एक सांगतात आणि ऐनवेळी दोन लागतात हे मला नाही तर कुणाला माहीत असणार), पिन मारली, मशीनला कपडे लावले आणि यांना म्हटलं तासाभरात येते, आले की वाळत घालते. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढले. टोकन घेतलं, पुढे अकरा जण. ठीक आहे, बसले, एकेक नंबर पुढे सरकताना बघत.

नंबर आला. समोरचा मुलगा पंचविशीतला असेल, आणि चांगला होता हो. फॉर्म बघून म्हणाला, मॅडम किती व्यवस्थित भरलाय. मग स्क्रीनकडे बघितलं. मग फॉर्मकडे. मग परत स्क्रीनकडे, जरा पुढे वाकून. ती मान कशी हलते ते मला पाठ आहे, मी स्वतः हजारदा तशी हलवलीये, त्यामुळे पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून यायच्या आधी माझ्या कानात आलं होतं.

"मॅडम, सही जुळत नाहीये."

त्याने एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाला परत करून बघा. पहिली मी नेहमीसारखीच केली. नाही. दुसरी जरा सावकाश केली, आणि सावकाश केलेली सही ही सही नसतेच, ते सहीचं चित्र असतं, हे वाक्य मीच लोकांना सांगायचे. तिसरी मुद्दाम भराभर केली तर शेवटचा फराटा कागदाच्या बाहेर गेला. स्क्रीनवर माझी खातं उघडतानाची सही होती, तेविसाव्या वर्षातली, आणि ती तो मला दाखवू शकत नव्हता. बरोबरच आहे, दाखवली तर मग तपासणी कसली, मी पण कधी कुणाला दाखवली नाही. चौथ्या वेळी मी डोळे मिटून आठवायला लागले की तेव्हा खाली रेघ मारायचे का, आणि रेघेखाली टिंबं देत होते का, एक की दोन. पाचव्या वेळी आडनावाच्या पहिल्या अक्षरावर हात थांबला. विसरले नव्हते. पण थांबला.

मुलगा म्हणाला, नवीन नमुना सही द्यावी लागेल, त्याचा फॉर्म वेगळा, दोन फोटो, आणि सही साहेबांसमोर करायची, साहेब आज नाहीयेत, उद्या या मॅडम. सॉरी हं.

मी "बरं" म्हटलं. छान शांतपणे म्हटलं. कागद गोळा केले, पिशवीत घातले, जिना उतरायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावर खिडकी आहे तिथे थांबून रडले. मोबाइल नंबर बदलला नाही म्हणून. वय वर्षं 61. खालून एक बाई वर येत होती, ती माझ्याकडे बघून इतकी हळू झाली की तिला वाटलं असणार माझं कुणीतरी गेलं, आणि ते बघून मला अजूनच रडू आलं, कारण तिला सांगणार काय.

घरी आले तर हे म्हणाले, "अगं मग उद्या जा की, त्यात एवढं काय." झालं. मशीनचं झाकण मी असं आपटलं की ते लागायचं बंद झालं. ओल्या कपड्यांना वास यायला लागला होता, त्याचाही राग यांच्यावर काढला, आणि मग पुढच्या वीस मिनिटांत मी यांना जे बोलले त्यात माझ्या सासूबाई आल्या, तीस वर्षांपूर्वीचा एक प्रवास आला, यांच्या एका मित्राला दिलेले पैसे आले, ज्यातल्या कशाचाही मोबाइल नंबरशी संबंध नाही. हे बिचारे कपडे वाळत घालत ऐकत होते.

रात्री बहिणीने विचारलं, "खरं सांग, दुसरं काही आहे का मनात? तब्येत वगैरे ठीक आहे ना?" या प्रश्नाबद्दल मला जरा बोलायचंय. आमच्या ऑफिसातही हेच चालायचं. कुणी खिडकीवर आरडाओरडा करून गेला की आतला एक जण म्हणायचा, घरची भांडणं घेऊन येतात इथे, आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. असतंही तसं कधीकधी, माणूस घरी दुखणं ठेवून आलेला असतो आणि आपण त्याच्याकडे एक कागद जास्तीचा मागतो. पण दर वेळी दुसरं काहीतरी शोधून काढायचं म्हणजे त्या माणसाला असं सांगणं की या एवढ्याशा कामाने तुला त्रास होणं शक्यच नाही, तू खोटा चिडलायस. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. सही जुळली नाही, तेवढंच होतं.

एक माणूस मला अजून आठवतो. मी नोकरीत नवीन होते. त्याचा कुठलासा अर्ज, त्यावर तारीख चुकीच्या चौकटीत घातलेली, मी म्हटलं दुसरा फॉर्म भरा. त्याने तो फॉर्म माझ्यासमोर फाडला. रागाने नाही, अगदी हळू, आधी उभा, मग आडवा, मग परत उभा, असे त्याचे बारके चौकोनी तुकडे केले आणि एकही तुकडा खाली न पाडता सगळे शर्टाच्या खिशात घातले. आणि दुसरा फॉर्म मागितला. आम्ही नंतर जेवताना किती हसलो होतो त्यावर. जिन्यातल्या खिडकीपाशी मला तोच आठवला, आणि खिसा आठवला.

माझी भाची मानसशास्त्र शिकवते. तिला फोन लावला आणि म्हटलं, तुमच्या त्या शास्त्रात माझ्यासारख्या बावळट बायकांबद्दल काही लिहिलंय का. ती हसली आणि म्हणाली, मावशी, बायकांबद्दल नाही पण एका माकडिणीबद्दल आहे.

1928 साली टिंकलपॉ नावाच्या अमेरिकन संशोधकाने माकडांवर प्रयोग केले. माकडिणीच्या देखत एका वाटीखाली केळं ठेवायचं. मग मध्ये पडदा धरायचा आणि तिला न दिसता केळं काढून तिथे लेट्यूसचं पान ठेवायचं. लेट्यूस तिला एरवी चालायचं, आधीपासून लेट्यूस ठेवलेलं दाखवलं तर ती वाटी उचलून ते मुकाट खायची. पण केळं ठेवलेलं बघितल्यावर मात्र ती धावत आली, वाटी उचलली, हात पुढे केला आणि पान बघून तो हात तसाच खाली पडला. पानाला तिने हात लावला नाही. वाटीच्या आजूबाजूला बघितलं, फळीच्या मागे बघितलं, वाटी उचलून आत-बाहेर बघितली. आणि कधीकधी तर खोलीत जी माणसं बसली होती त्यांच्याकडे वळून ती किंचाळली.

संपादक साहेब, हे ऐकल्यावर मी फोनवर बराच वेळ गप्प होते. वाटी उचलून आत बघणं म्हणजेच ते पाच सह्या करणं आहे की नाही सांगा. तिचं नुकसान किती झालं होतं? फुकटात मिळणारं पान मिळालं, उपाशी काही राहिली नसती. माझं नुकसान किती, तर एक दिवस. भाचीचं म्हणणं असं की चिडचिड ही काय गेलं त्याच्या वजनावर ठरत नाही, जे नक्की मिळणार असं मनाने धरलेलं असतं आणि जे हातात पडतं त्या दोघांमधल्या अंतरावर ठरते. आणि रोजच्या कामाइतकं नक्की आपण दुसरं काहीच धरलेलं नसतं. म्हणूनच तर आपण मशीन लावून जातो.

यावर मी तिला म्हटलं, अगं पण चार वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी एक टिपूस गाळलं नव्हतं. ऑपरेशन थिएटरच्या दारात मी नर्सला विचारत होते की तुमची ड्युटी किती वाजता संपते. ती म्हणाली, तेच तर. ऑपरेशनची तू पंधरा दिवस तयारी केलीस, सगळ्यांनी फोन केले, बहीण राहायला आली, मनाने आधीच कंबर बांधली होती. नंबर बदलायला जाताना कोण कंबर बांधतं. हे मला एकदम पटलं. मोठ्या संकटाला आपण उंबऱ्यावरच अडवतो, छोटं मात्र चपला घालून थेट स्वयंपाकघरापर्यंत आलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

आणि यादीतही त्याला जागा नाही. 1967 साली होम्स आणि राहे या दोघांनी आयुष्यात माणसाला ताण देणाऱ्या 43 घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले, जोडीदाराचा मृत्यू 100, तिथून खाली उतरत उतरत शेवटी किरकोळ कायदेभंग, म्हणजे रहदारीचा नियम मोडून दंड झाला वगैरे, त्याला 11. म्हणजे दंड झाला तर 11 गुण आणि सही नाही जुळली तर भोपळा. पण पुढे 1981 मध्ये कॅनर, लॅझरस वगैरे मंडळींनी उलट बाजूने बघितलं. त्यांनी नुसत्या रोजच्या कटकटींची यादी केली, 117 कटकटी, आणि मध्यमवयीन शंभर माणसांना दहा महिने दर महिन्याला ती भरायला लावली. तर माणसाच्या मनाच्या तक्रारी किती वाढणार याचा अंदाज मोठ्या घटनांच्या यादीपेक्षा या कटकटींच्या यादीवरून जास्त चांगला येत होता. लोकांनी सगळ्यात जास्त वेळा खूण केलेल्या दहा कटकटींत एक होती वस्तू कुठेतरी ठेवून ती न सापडणं. हे मी यांना वाचून दाखवलं, कारण यांचा चष्मा. यांनी काही उत्तर दिलं नाही.

(यातून मी असं म्हणत नाहीये की जोडीदार जाणं आणि चष्मा जाणं सारखंच. तसं पत्र पुढच्या आठवड्यात कुणी लिहू नये म्हणून आधीच लिहून ठेवते.)

अजून एक, रांगेचं. 1974 मध्ये मेरी हॅरिस या बाईंनी खऱ्याखुऱ्या रांगांमध्ये माणसं घुसवून बघितलं. कधी रांगेत अगदी तोंडाशी असलेल्या माणसाच्या पुढे घुसायचं, कधी बराच मागे असलेल्याच्या. दोघांचा तोटा तेवढाच, एकच नंबर मागे. पण तोंडाशी असलेला जास्त खवळायचा. आमच्या ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं आणि तरी सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळ्यात मोठी भांडणं नेहमी खिडकीच्या अगदी तोंडाशी व्हायची, मागे उभे असलेले जांभया देत असायचे. माझ्या पुढचे अकराच्या अकरा जण संपले होते, फॉर्म त्या मुलाच्या हातात गेला होता, त्याचं बोट की-बोर्डवर होतं. त्याने जर मला दारातच सांगितलं असतं की आज साहेब नाहीत तर मी शिवी हासडली असती मनातल्या मनात आणि भाजी घेऊन घरी गेले असते.

आता त्या मुलाचं. तो उद्धट असता तर किती बरं झालं असतं असं मला त्या दिवशी दहा वेळा वाटलं. मला ओरडता तरी आलं असतं. नियम बरोबर, मुलगा चांगला, सही माझी. राग ठेवायला जागाच नाही, मग तो फिरून आपल्यावरच येतो की तुला साधी स्वतःची सही करता येत नाही. आणि त्यावर परत दुसरा थर चढतो तो लाजेचा, की एवढ्याशावरून रडतेस. माझ्या मते (हे भाचीचं नाही, माझं) खरा त्रास या दुसऱ्या थराचा जास्त असतो. पहिला अर्ध्या तासात ओसरला असता, पण त्यात यांचं ते "त्यात एवढं काय" पडलं आणि मग मला हे सिद्ध करणं भाग पडलं की आहे, त्यात खूप काही आहे, आणि पुरावा म्हणून सासूबाईंना आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. त्याऐवजी मी फोन केले. बहिणीला, दोन मैत्रिणींना, शेजारच्या वहिनींना तर घरी बोलावून. बोलल्याने मन हलकं होतं म्हणतात ना. माझं काही झालं नाही, उलट प्रत्येक वेळी सांगताना मी जास्तच तापत गेले, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती कबूल करते. बहिणीला सांगताना तो मुलगा "सॉरी हं मॅडम" म्हणाला होता. पहिल्या मैत्रिणीला सांगताना त्यातलं सॉरी गळलं. दुसरीला सांगताना तो नुसता "उद्या या" म्हणाला. आणि वहिनींपर्यंत पोचेपर्यंत तो माझा कागद हातात धरून हसत होता. तो हसला नव्हता हो. मी वहिनींसमोर त्याची नक्कल करत होते आणि करता करता मला कळलं की हे मी आत्ता रचलंय. वहिनी म्हणाल्या, तुम्ही तक्रार का करत नाही, नाव काय त्याचं. तेव्हा मी चहाचं निमित्त करून आत गेले.

यावरही भाचीकडे होतंच काहीतरी. 2002 साली बुशमन नावाच्या माणसाने चिडलेल्या विद्यार्थ्यांना गट पाडून बघितलं. काहींना ज्याने चिडवलं त्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले आणि काहींना नुसतं शांत बसवलं, काहीही करायला सांगितलं नाही. ठोसे मारणारे जास्त चिडले. काही न करणारेच बरे निघाले. मन मोकळं करा, राग बाहेर काढा, असं ज्याला त्याला सांगत फिरणाऱ्यांनी जरा हे बघावं, त्यात मीही आले, कारण मी आयुष्यभर हेच सांगत आलेय.

आता तुमच्या त्या पत्रलेखकांना माझं उत्तर. काउंटरवरच्या माणसाला शिव्या देणं वाईटच, त्याला मी माफी देत नाही, मी स्वतः ऐकल्यात आणि त्या घरापर्यंत येतात, रात्री पाठ टेकली की परत ऐकू येतात. पण धीर राहिला नाही, संस्कार राहिले नाहीत, मोबाइलमुळे सगळ्यांना सगळं लगेच हवं असतं, हे जे तुम्ही लिहिलंय ते मला पटत नाही. 1928 सालच्या माकडिणीकडे मोबाइल नव्हता. आणि मला काय लगेच हवं होतं? मी अकरा जण संपेपर्यंत बसलेच होते की. दोन झेरॉक्स घेऊन गेलेली बाई अधीर नसते, उलट तिने जास्तच तयारी केलेली असते आणि म्हणून तिलाच जास्त लागतं. निष्काळजी माणूस "बरं येतो उद्या" म्हणून शीळ घालत जातो, बघा तुम्ही.

आणि काउंटरच्या आतल्या माझ्या भावंडांना एक सांगणं आहे, तुमच्यातलीच एक म्हणून. आमच्याकडे एकदा प्रिंटर बंद पडला होता आणि दर माणसागणिक तेच भांडण, मी तेच तेच सांगून घसा बसवून घेतला. शेवटी वैतागून एका पुठ्ठ्यावर लिहिलं, "प्रिंटर बंद आहे. दुरुस्तीवाला 2 वाजता येईल. दाखला हवा असेल तर 3 नंतर या, बाकी कामं चालू आहेत" आणि तो पुठ्ठा खिडकीत नाही, जिन्याच्या खाली, दारात लावला. लोक कुरकुरत परत गेले, पण ओरडलं कुणी नाही. मला वाटलं पुठ्ठ्याची जादू. आता कळतंय की मी केळं वाटीखाली ठेवलेलं त्यांना दाखवलंच नव्हतं. 1985 मध्ये डेव्हिड मेस्टर यांनी वाट बघण्यावर एक लेख लिहिला, त्यात साध्या गोष्टी आहेत, की किती वेळ ते माहीत नसेल तर वाट बघणं लांब वाटतं, कारण सांगितलं नाही तर अजून लांब वाटतं. याला काही खर्च येत नाही, एक पुठ्ठा लागतो. साहेब आज नाहीत, हे वाक्य टोकनच्या यंत्राशेजारी लावता आलं असतं. ज्यांना साहेबांची गरज नाही ते बसले असते.

त्यातही सहीची पंचाईत वेगळीच आहे म्हणा. आपली सही बदलते हे आपल्याला कळतच नाही, कारण रोज थोडी थोडी बदलते आणि नमुना मात्र त्या एका दिवशी जिथे होता तिथेच बसलेला असतो. मी 26 वर्षांत कितीतरी म्हाताऱ्या माणसांना सांगितलं असेल की जुळत नाही. एक आजोबा म्हणाले होते, अहो मीच आहे मी. मी म्हटलं होतं, आजोबा, मला दिसतंय हो, पण सिस्टीमला दिसत नाही. तेव्हा मला ते उत्तर फार छान वाटलं होतं.

घरच्यांना काय सांगू. हे वाचतील तेव्हा वाचतील. कुणी असं हिरमुसून घरी आलं तर "एवढंच ना", "उद्या जा की", "दुसरं काही झालंय का" यातलं काहीही न म्हणता नुसतं "अरेरे, परत जावं लागणार का" एवढं म्हणून बघा. यांनी दुसऱ्या दिवशी म्हटलं, बहीण शिकवून गेली असणार, पण म्हटलं. आणि मशीनचं झाकणही त्यांनीच बसवलं, आता लागतं, फक्त जरा दाबावं लागतं.

दोन दिवस मी घरी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सह्या करून बघतेय. चाळीस-पन्नास झाल्या असतील. काल कपाटात माझं लग्नाआधीचं एक लायब्ररी कार्ड सापडलं, त्यावरची सही बघितली तर खाली रेघ आहे, टिंब एकच आहे, आणि आडनावाचं पहिलं अक्षर मी तेव्हा उलट्या बाजूने काढायला घ्यायचे. ते आता हाताला जमतच नाही. म्हणजे नवीन नमुनाच द्यावा लागणार, मुलाने बरोबर सांगितलं होतं.

मंगळवारी जातेय. साहेब आहेत का ते आधी फोन करून विचारलंय, आहेत म्हणाले. फोटो दोन मागितलेत, चार घेतलेत. मशीन आल्यावर लावीन.

आपली,
एक निवृत्त काउंटरवाली

ता. क. खाली सही केली आहे. कृपया कशाशीही जुळवून बघू नये.